विक्रीला नकार देणारा कर्ट फ्लड

अमेरिकेत बेसबॉलचा किंवा हॉकीचा मोसम संपला की चाहत्यांचा दुसरा खेळ सुरू होतो. कोणत्या संघाने कोणता जुना गडी दिला आणि बदल्यात कोणता तरुण घेतला, यावर हिरीरीने वाद झडतात. अमक्याचा हात आता चालत नाही, काढा त्याला. तमक्याची अजून दोन वर्षे निघतील, ठेवा. २००८ साली आयपीएल आल्यापासून आपल्याकडेही क्रिकेटपटूंच्या लिलावाची चर्चा अशीच चवीने होते. ज्याची अदलाबदल होते त्या माणसाला कोणी विचारले का, हा प्रश्न मात्र चाहत्याला सुचत नाही. तो प्रश्न एका कृष्णवर्णीय खेळाडूने थेट न्यायालयात नेऊन विचारला. त्याचे नाव कर्ट फ्लड.

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी ह्यूस्टनला झाला. तो वाढला कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या गरीब वस्तीत. पुढे १९६६ साली ब्लॅक पँथर चळवळ ज्या शहरात उभी राहिली आणि जिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आमच्या पँथरने नाव घेतले, तेच हे ओकलंड. अठराव्या वर्षी करार करून तो दक्षिणेकडील राज्यांत खेळायला गेला. तिथे संघातील गोरे हॉटेलात बसून जेवत, याला मागच्या दाराशी उभे राहून अन्न घ्यावे लागे. एकदा दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्याने घामेजलेले कपडे इतरांच्या ढिगावर टाकले. कपडे गोळा करणाऱ्या गोऱ्या नोकराने लांब काठीने ते उचलून वेगळे काढले आणि काळ्यांच्या लाँड्रीकडे पाठवले. कपडे धुऊन येईपर्यंत हा तरुण उघडा बसून राहिला. काठीने कपडा उचलणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे सेंट लुईस कार्डिनल्स संघात त्याने बारा वर्षे काढली. मैदानाच्या मध्यभागी तो असा झेल घेई की १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याच्याकडे गेला. १९६४ आणि १९६७ साली संघाने जागतिक मालिका जिंकली. पण १९६४ च्याच त्या विजयानंतर कॅलिफोर्नियात त्याने गोऱ्यांच्या वस्तीत घर भाड्याने घेतले, तेव्हा बंदुकीची धमकी मिळाली आणि कोर्टाचा हुकूम आणून घरात शिरावे लागले. जगज्जेत्यालाही भाड्याचे घर सुखासुखी मिळाले नाही!

ऑक्टोबर १९६९ मध्ये एका पहाटे फोन आला. कार्यालयातील एका दुय्यम माणसाने कळवले की तुम्हाला फिलाडेल्फियाला देऊन टाकले आहे. बारा वर्षांच्या नोकरीचा हा निरोप! बदल्यात येणाऱ्यांत डिक ॲलन हा कृष्णवर्णीय तारा होता. घरच्याच मैदानात प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकत, म्हणून क्षेत्ररक्षण करतानाही तो हेल्मेट घालत असे. अशा शहरात फ्लडला पाठवले जात होते.

तेव्हा करारात एक कलम होते. खेळाडू एकदा संघाशी बांधला गेला की तो कायमचा मालकाचा. मालक त्याला विकू शकत होता, देऊ शकत होता. खेळाडूला मात्र दुसरीकडे जाता येत नव्हते. खेळायचे तर इथे, नाहीतर घरी बसा. महार वतन ज्यांनी भोगले, ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्यांना ही बांधणूक ओळखीची वाटेल. फरक इतकाच की फ्लडला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत. चाहते आणि वृत्तपत्रे याच आकड्यावर बोट ठेवून त्याला कृतघ्न म्हणू लागली. आमचे म्हणणे असे की, साखळी सोन्याची आहे म्हणून तिला दागिना म्हणता येत नाही.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून आपण कोणाची मालमत्ता नसल्याचे बजावले. नकार येताच जानेवारी १९७० मध्ये दावा लावला. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी आधीच सांगितले होते की खटला बहुधा हरशील आणि खेळही संपेल. तरी तो मागे हटला नाही. संघटनेच्या बैठकीत हे सारे काळेपणापायी आहे का, असेही त्याला विचारले गेले. काळा असल्याने अन्याय अधिक टोचतो, पण लढा सगळ्यांसाठी आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

खटल्यात साक्षीला आले ते निवृत्त झालेले जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग; पहिला कृष्णवर्णीय, दुसरा ज्यू. खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. संघटनेने खर्च उचलला खरा, पण शेजारच्या बाकावर येऊन बसायला कोणी नव्हते. चळवळीच्या जोरावर नोकरी, बंगला मिळवून मोर्चाच्या दिवशी रजेवर जाणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी दावा फेटाळला. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही हा १९२२ चा निकाल विसंगत आहे हे मान्य करूनही, दुरुस्ती संसदेने करावी असे बहुमताने म्हटले. निकालपत्रात जुन्या खेळाडूंच्या नावांची लांबलचक यादी आहे, न्याय मात्र नाही. पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले.

तोवर फ्लड मोडला होता. १९७० चे वर्ष खेळाविना गेले, १९७१ साली वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने खेळून तो देश सोडून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. दारू जडली, पैसा गेला. काही वर्षांनी तो ओकलंडला परतला.

दरम्यान १९७३ साली नियम झाला : दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय देता येणार नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर ते कलमच निष्प्रभ केले. हे दोघेही गोरे होते. त्यानंतर खेळाडूंचे पगार लाखांवरून कोटींवर गेले. फ्लडच्या वाट्याला त्यातला एक डॉलरही आला नाही.

२० जानेवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये घशाच्या कर्करोगाने तो गेला. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते आणि अमेरिकेत त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. बेसबॉलपटूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण देणारा कायदा ऑक्टोबर १९९८ मध्ये झाला. त्याला कर्ट फ्लडचे नाव दिले आहे.