बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे : आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, पण १८८२ साली अख्ख्या पुरुष जातीला जाब विचारला

साल होतं १८८१. सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा उभी होती. पोटच्या बाळाला मारल्याचा आरोप तिच्यावर होता. नवरा वारलेला आणि त्यात दिवस गेलेले. १८५६ च्या कायद्यानुसार विधवेला दुसरं लग्न करता येत होतं, पण तो कायदा उंबऱ्याच्या आत शिरलाच नव्हता. लोक काय म्हणतील या भीतीपोटी तिने बाळ मारलं. कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशीऐवजी काळं पाणी झालं आणि नंतर तीही शिक्षा कमी झाली.

खटला सुरतेत चालला, पण चर्चा पार पुण्यापर्यंत पोहोचली. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या वर्तमानपत्राने विजयालक्ष्मीच्या निमित्ताने सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. त्या बाळाच्या बापाचं काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न उचलला वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी.

कोण होत्या ताराबाई?

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा, एका मराठा कुटुंबातला. त्यांच्या जन्मानंतर तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस सुधारक विचारांचा. १८७१ मध्ये त्यांनी शिकलेल्या लोकांना उद्देशून एक पुस्तकही छापलं होतं.

त्या काळी बुलढाण्यात मुलींची शाळा नव्हती. मग बापूजींनी घरच शाळा केलं. चार भावांमधल्या या एकुलत्या एक मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. मुलगी लिहायला शिकली तर बिघडते असं मानणाऱ्या जमान्यातली ही गोष्ट.

लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच झालं. फरक इतकाच की ताराबाई सासरी गेल्या नाहीत, नवराच घरजावई म्हणून आला. त्यामुळे सासुरवाडीचा जाच वाट्याला आला नाही आणि इतर बायकांपेक्षा थोडी जास्त मोकळीक मिळाली. पुढे जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी हे कुटुंब जोडलं गेलं.

नऊ आण्यांचं पुस्तक

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' बाहेर पडलं. पानं ५२, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

ताराबाईंनी एक जुना संस्कृत श्लोक घेतला. बाई म्हणजे संशयाचा भोवरा, कपटाचं घर, अशी दूषणांची लांबलचक यादी त्यात होती. ताराबाईंनी यादीतला एकेक दोष उचलला आणि तो पुरुषांमध्ये किती आहे ते दाखवत गेल्या. बाईला फसवणारा कोण? वचन देऊन तोंड फिरवणारा कोण? मग बदनामी एकटीच्याच माथी का?

बायको मेली की नवरा पुन्हा बोहल्यावर चढायला मोकळा. नवरा मेला की बाईचं केशवपन, बाईनेच शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही. हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, तसा एखादा नवरा बायकोसाठी गेल्याचं कुणी ऐकलंय का, हा त्यांचा सवाल तर फारच झोंबणारा होता.

त्यांनी देवाधर्मालाही सोडलं नाही आणि सभांमध्ये भाषणं ठोकून घरी जैसे थे वागणाऱ्या सुधारकांनाही सोडलं नाही. भाषा पुस्तकी नव्हती. चुलीपाशी बोलतात तशी रोखठोक, म्हणींनी भरलेली आणि वेळप्रसंगी शिवराळसुद्धा.

कथा-कादंबऱ्याही तपासल्या

ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम २५ वर्षांची होती. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. ताराबाईंनी 'मुक्तामाला', 'मनोरमा' नाटक, 'स्त्रीचरित्र' अशा पुस्तकांचा समाचार घेतला. पुरुष लेखकांनी रंगवलेली बाई आणि घराघरात राबणारी बाई यांचा मेळ बसतो का, हे त्यांनी पाहिलं. म्हणूनच भारतातल्या पहिल्या स्त्रीवादी समीक्षक म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जातं.

मग झालं काय?

पुस्तकावर टीका झाली, टिंगलही झाली. सनातनी चिडणार हे उघडच होतं, पण सत्यशोधक मंडळींमधल्याही काहींना ते पचलं नाही. जातीवरून होणारा अन्याय त्यांना दिसत होता. घरातल्या बाईने आपल्यालाच आरसा दाखवावा, हे मात्र जड गेलं.

जोतिबा फुले पाठीशी उभे राहिले. विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विजयालक्ष्मीसारख्या बायकांची अवस्था त्यांना ठाऊक होती. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या स्वतःच्या सहकाऱ्यांचेही कान उपटले.

पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधीच आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या, तोवर पहिल्याचीही आठवण पुसट झाली होती.

९३ वर्षांनी पुन्हा छापलं

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी अभ्यासक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' शोधून पुन्हा छापलं, आणि ताराबाई नव्याने लोकांसमोर आल्या. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि पुस्तक जगभरातल्या विद्यापीठांत गेलं.

बुलढाणा म्हटलं की जिजाऊंचं सिंदखेडराजा, शेगाव, लोणार आठवतं. ताराबाईंचं नाव त्या यादीत क्वचितच येतं.

आजही कचराकुंडीत नवजात बाळ सापडल्याची बातमी आली की कमेंटमध्ये आईचा उद्धार सुरू होतो. बापाबद्दल विचारणारी कमेंट शोधावी लागते. ताराबाईंचं पुस्तक छोटं आहे, ५२ पानं एका बैठकीत वाचून होतात. अशी बातमी पुढच्या वेळी दिसली, तर कमेंट टाकण्याआधी ते वाचायला हरकत नाही.