निवडुंगांचा चित्रकार रेदूते

गुलाबांचा चित्रकार म्हणून प्येर-जोझेफ रेदूते याचें नांव सर्व युरोपांत गाजलें, आणि त्या गुलाबांच्या नकला आजही दिनदर्शिकांवर व भेटपत्रांवर छापल्या जातात. तथापि आम्ही त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, तें गुलाबांसाठीं नव्हे. ज्या झाडाला आपल्याकडे शेताच्या कुंपणापलीकडे फारसा कोणी थारा देत नाहीं, त्या निवडुंगावर या पुरुषानें जे श्रम खर्चिले, त्यांसाठीं होय.

रेदूतेचा जन्म १० जुलै १७५९ रोजीं आर्देनच्या अरण्यप्रदेशांतील सां-उबेर या लहानशा गांवीं झाला. हें गांव आज बेल्जम देशांत मोडतें. त्याचा बाप चित्रकार होता व आजाही चित्रकार होता. तेराव्या वर्षीं घर सोडून हा मुलगा पोटासाठीं गांवोगांव हिंडूं लागला. कोठें एखाद्याची तसबीर काढावी, कोठें भिंत रंगवावी, कोठें ख्रिस्तमंदिरासाठीं चित्र करून द्यावें, असा त्याचा क्रम होता. १७८२ सालीं तो पॅरिसला आपल्या वडील भावाकडे गेला, आणि दोघे मिळून नाटकगृहाचे पडदे रंगवूं लागले. त्याचा देह स्थूल होता व बोटें जाड आणि वांकडीं होतीं, असें त्याच्या समकालीनांनीं लिहून ठेविलें आहे. अशा बोटांतून पुढें इतकें नाजूक काम कसें उतरलें, याचें त्यांना नवल वाटे.

फावल्या वेळीं तो राजोद्यानांत जाऊन फुलें रेखाटी. त्याचें हें काम लेरितिये नांवाच्या गृहस्थाच्या दृष्टीस पडलें. लेरितिये हा पेशानें न्यायाधीश, पण मनानें वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्यानें या तरुणाला फूल उकलून पाहावयास, केसर मोजावयास व पानांची मांडणी ओळखावयास शिकविलें. व्हान स्पेंडोंक या डच चित्रकारानें त्याला चर्मपत्रावर जलरंगांत काम करण्याची कला दिली. एकानें डोळा दिला, दुसऱ्यानें हात दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. राणी मारी आंत्वानेत हिनेंही त्याला आपल्या पदरीं चित्रकार म्हणून नेमिलें.

पुढें १७८९ ची राज्यक्रांति झाली. राणी तुरुंगांत असतां एका मध्यरात्रीं तिनें रेदूतेस बोलावून, त्या क्षणीं उमलत असलेल्या निवडुंगाचें चित्र काढविलें, अशी एक आख्यायिका आहे. ही कथा रम्य आहे. परंतु तिला इतिहासाचें स्थान देण्यास आम्ही धजत नाहीं. १७९३ च्या ऑक्टोबरांत राणीचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षीं राजोद्यानाचें राष्ट्रीय संग्रहालय झालें आणि तेथें रेदूतेला काम मिळालें. राजे गेले, पण झाडें फुलत राहिलीं, आणि तीं काढणारा माणूस लागतच होता.

आतां निवडुंगाची खरी अडचण सांगतों. इतर झाडांची डहाळी कागदांच्या घड्यांत दाबून वाळविली, म्हणजे तिचा नमुना शंभर वर्षेंही टिकतो, व दूरदेशींच्या पंडिताला तो पाहतां येतो. परंतु निवडुंग, कोरफड यांसारख्या मांसल वनस्पति दाबल्या असतां कुजतात, किंवा कागदांतही कित्येक दिवस जिवंत राहतात. वाळल्याच तर त्यांचा आकार ओळखूं येत नाहीं. त्यामुळें या झाडांचें शास्त्र मागें पडलें होतें. लिनियसनें तर १७५३ सालीं त्याला ठाऊक असलेले सारे निवडुंग एकाच प्रजातींत घातले होते. येथें चित्र हाच नमुना. तें चुकलें कीं शास्त्रही चुकलें.

१७९९ सालीं रेदूतेनें द कांदोल या जिनीव्हाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या शास्त्रज्ञाबरोबर मांसल वनस्पतींचा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. लेख द कांदोलचा, चित्रें रेदूतेचीं. दीडशेहून अधिक चित्रें निघालीं. त्यांच्या छपाईची रीत जाणण्यासारखी आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेषांऐवजीं असंख्य बारीक ठिपके कोरीत. मग कापडाच्या लहान बोळ्यांनीं एकाच पत्र्यावर जागोजाग वेगवेगळे रंग भरून एकाच दाबांत ठसा उठवीत, आणि शेवटीं कुंचल्यानें हात फिरवीत. ठिपक्यांमुळें कडा कठोर दिसत नाहींत. निवडुंगाचा रसानें फुगलेला देह, त्यावरील निळसर झांक आणि कांट्यांचे झुबके इतके जिवंत दुसऱ्या कोणत्याही रीतीनें आले नसते, असें आम्हांस वाटतें.

याच ग्रंथांत रात्रीं फुलणारा मोठ्या फुलाचा निवडुंग आहे. आपल्या अंगणांत ज्याला लोक ब्रह्मकमळ म्हणतात, तोही निवडुंगाच्याच कुळांतला. त्याचें फूल रात्रीं उमलून सकाळीं मान टाकतें, हें बहुतेकांनीं पाहिलें असेल. अशा फुलापुढें चित्रकाराला एकच रात्र मिळते. आमच्या चित्रकलेच्या वर्गांत जास्वंद दोन तास तशीच राहते, तरी मुलांची वेळ कमी पडल्याची तक्रार असते!

या ग्रंथांतील कांहीं चित्रें आजही त्या त्या वनस्पतीच्या नांवाचा प्रमाणभूत आधार मानिलीं जातात, कारण वाळविलेला नमुनाच नाहीं. लेरितियेला मात्र हें काम पुरतें पाहतां आलें नाहीं; १८०० सालीं पॅरिसच्या रस्त्यांत त्याचा खून झाला, आणि खुनी सांपडला नाहीं.

नेपोलियनची पत्नी जोझेफीन हिनें रेदूतेला माल्मेझोंच्या बागेचें काम दिलें, आणि १८०२ पासून १८१६ पर्यंत त्याचा कमलवर्गीय फुलांचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. ती १८१४ त वारली. तिच्या पश्चात् १८१७ ते १८२४ या काळांत गुलाबांचे भाग बाहेर आले व कीर्तीचा कळस झाला. पैसा मात्र हातीं राहिला नाहीं. खर्चाची संवय मोठी, आश्रयदाते एकामागून एक गेलेले. वृद्धपणीं घरांतील सामानही विकण्याची पाळी आली. तरी तो शिकवीत व रंगवीत राहिला.

१८४० च्या जून महिन्यांत, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, एका विद्यार्थ्यानें आणिलेलें पांढरें लिलीचें फूल हातांत घेऊन तो न्याहाळीत असतां त्याला झटका आला, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. पॅरिसच्या पेर लाशेझ या स्मशानभूमींत त्याला पुरण्यांत आलें.