रेव्हरंड नारायण वामन टिळक
कल्याणच्या शाळेतून देवाच्या दरबारापर्यंत

कल्याणचे नाव घेतले की आगगाड्यांचे मोठे जंक्शन व माणसांची दाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे गाडी बदलली असेल. परंतु ज्यांची गीते आपण रविवारच्या उपासनेत गातो, त्यांनी आपले बाळपण ह्याच गावी काढले, हे थोड्यांस ठाऊक असते. ते गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक ते वेगळे. हे कवी टिळक. त्यांचे चरित्र लहान उपदेशकापासून वृद्ध पाळकापर्यंत सर्वांनी मनात ठेवावे असे आहे. कारण त्यात मोठेपण आहे तशी चूकही आहे, आणि ती चूक देवाने कशी भरून काढली हेही आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. मुंबईची आगगाडी कल्याणास १८५४ साली पोहोचली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १८६९ साली, नारायण तेथील शाळेत जाऊ लागला व सुमारे चार वर्षे तेथे शिकला. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक होती. वडिलांचा स्वभाव मात्र कडक होता व मुलाचे त्यांच्याशी जुळले नाही. आई वारल्यावर घरात मन रमेना, म्हणून कोवळ्या वयातच तो नाशकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याने संस्कृत विद्या मिळवली व पुढे थोडे इंग्रजीही शिकला. १८८० साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाली.

त्यानंतरची अनेक वर्षे टिळकांनी भटकण्यात घालवली. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे पुराणिक. नोकरी धरावी व सोडावी असे चालले होते. मनाला एक गोष्ट टोचत होती. जन्मावरून एक माणूस पवित्र व दुसरा विटाळाचा, असे देव कसे ठरवील? देशाची उन्नती व्हावी अशी त्यांस तळमळ होती. पण जातिभेदाने चिरफाळलेल्या समाजाची उन्नती व्हावी कशी, ह्याचे उत्तर सापडत नव्हते.

अशा स्थितीत नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने टिळकांस नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचे वचन घेतले. दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचण्यास आरंभ केला. डोंगरावरील प्रवचनाशी येताच त्यांचे मन तेथेच गुंतले. आपल्या प्रश्नांची उत्तरे ह्या पानांत आहेत असे त्यांस वाटले. पुढे दीर्घ विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

येथे बंधुभगिनींनो, आपण क्षणभर थांबावे. हा दिवस टिळकांस आनंदाचा होता. पण त्यांच्या घरी त्याच बातमीने आकांत झाला. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याचे इतके कडक की, मीठ, साखर व सरपणसुद्धा धुतल्यावाचून घरात घेत नसत. अशा घरात वाढलेल्या त्या बाईला पतीचे धर्मांतर मरणाहून कठीण वाटले. पदरी लहान मुलगा, पती जिवंत असून अंतरलेला. त्या बहिणीच्या आधाराने राहिल्या व काही काळ पंढरपुरासही होत्या. टिळक मोठ्या मनाचे खरे, परंतु तापट व उतावळेही होते. ज्याने त्याने मागावे व ह्यांनी देऊन टाकावे, मग घरात दुसऱ्या दिवसाचे काय, ही काळजी बायकोने वाहावी. सत्याचा मार्ग धरताना आपल्या पाठीमागे कोण रडत आहे, हे त्यांनी पुरेसे पाहिले असे म्हणता येत नाही. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. स्वतः लक्ष्मीबाईंनीच पुढे आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात ती न झाकता, पण प्रेमाने, लिहून ठेवली आहे.

मात्र टिळकांनी पत्नीवर आपला धर्म लादला नाही. काही वर्षांनी त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांजकडे आल्या. तेव्हाही त्यांची चूल व त्यांचे पाणी वेगळेच होते. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात सोवळ्यातला स्वयंपाक होत आहे, हे पाहून कोणी हसले असेल. पण ज्याचा विश्वास खरा, त्याला जबरदस्तीची गरज नसते. पुढे राहुरीस असता लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप उजाडले की, देवाने माणूस केला, जात माणसाने केली. त्या दिवसापासून त्यांनी विटाळ टाकून दिला व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या गोष्टीवर टिळक व्याख्याने देत, ती गोष्ट बाईंनी पाण्याच्या एका भांड्याने करून दाखवली. दुष्काळातील पोरक्या मुलांस त्यांच्या घरी आसरा मिळाला, तेव्हा त्यांची जात कोणी विचारली नाही.

टिळक अहमदनगरच्या ईश्वरविद्यालयात शिकवीत असत. १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली व १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. बालकवी ठोंबरे ह्यांसारखा तरुण हिंदू कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. ख्रिस्ताकडे येण्यास आपली भाषा, आपले अभंग, आपला टाळ-मृदंग सोडावा लागत नाही, हा त्यांचा ठाम विचार होता. म्हणून त्यांनी शेकडो गीते रचली व ख्रिस्ती कीर्तनास चालना दिली. अक्षरओळख नसलेली शेतकरीण जात्यावर बसून प्रभूचे नाव घेऊ लागली, ती ह्याच गीतांच्या योगाने.

न्यायाविषयी ते मंडळीच्या आतही स्पष्ट बोलत. परदेशी मिशनरी धनी व देशी सेवक चाकर, असे नाते त्यांस मान्य नव्हते. दोघांनी भाऊ म्हणून बसावे, असे ते म्हणत. नुसते बोलून ते राहिले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला गुरू मानतील, त्या सर्वांस तेथे जागा होती. कित्येकांस हे रुचले नाही. पण ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले व ते कार्य कोवळेच राहिले.

त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते; दहा-अकरा अध्यायच झाले होते. ते पुरे कोणी केले? ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, पतीनेच जिला वाचावयास शिकवले होते, आणि त्याच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून जिने आकांत केला होता, तिनेच पुढचे बहुतेक अध्याय रचले. १९३६ साली त्या निवर्तल्या व १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उपदेशक बंधूंनो, आपण गावोगाव प्रीती व न्याय ह्यांविषयी बोलतो. आपल्या बोलण्याची परीक्षा प्रथम आपल्या चुलीपाशी होते. घरातील स्त्रीचे म्हणणे आपण ऐकतो काय? आपल्या मंडळीत पूर्वीच्या जातीवरून पंगतीची जागा ठरते काय? टिळकांची गीते गाताना हे प्रश्न आपण स्वतःस विचारू, तर ती गीते नुसती ओठांवर राहणार नाहीत. ज्याने त्यांची अपुरी कामे दुसऱ्या हातांनी पुरी करविली, तो देव आपल्याही उणिवा भरून काढण्यास समर्थ आहे.