निकोला टेस्ला आणि विहिरीवरची मोटर

विहिरीवर जाऊन स्टार्टरचे हिरवे बटण दाबणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला निकोला टेस्ला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्या लोखंडी कवचात जे फिरते, ते प्रथम या माणसाच्या डोक्यात फिरले होते.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. ते आज क्रोएशियात आहे. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. वडील सर्बियन धर्मगुरू. मुलानेही तोच मार्ग धरावा ही त्यांची इच्छा. पण मुलगा पटकीने मरणाच्या दारी गेला तेव्हा, बरा झालास तर इंजिनिअर होऊ देईन, असे वचन त्यांना द्यावे लागले. १८७५ मध्ये तो ग्राझच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तेथे प्राध्यापक पोशल यांनी वर्गात ग्रामचे विद्युतयंत्र चालवून दाखविले. ब्रशांपाशी सारख्या ठिणग्या उडत होत्या. हे ब्रश काढूनच टाकता येणार नाहीत का, अशी शंका टेस्लाने काढली. ते अशक्य आहे, असे पोशल यांनी सगळ्या वर्गासमोर पटवून दिले. पुढे टेस्लाची पदवी राहूनच गेली, शंका मात्र मनातून गेली नाही.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर हिंडताना त्याला उत्तर सुचले. काठीने त्याने जमिनीवरच आकृती काढली. एकामागून एक चढणारे दोन प्रत्यावर्ती प्रवाह वेगवेगळ्या वेटोळ्यांत सोडले, की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. रोटरला बाहेरून वीज नको. म्हणून ब्रश नाहीत, ठिणगी नाही.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. एडिसनकडची नोकरी काही महिनेच टिकली. नंतर तर पोटासाठी खंदक खणण्याची पाळी आली. मात्र १ मे १८८८ रोजी त्याला पेटंटे मिळाली आणि त्याच महिन्यात त्याने अमेरिकन विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले. इटलीत फेरारिस यानेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. तीन फेजची मोटर १८८९ मध्ये डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की याने सिद्ध केली. १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरून आणलेल्या विजेवर अशीच मोटर चालली, आणि तिने चालविला तो पाण्याचा पंपच! त्या पाण्याचा कृत्रिम धबधबा केला होता.

या फिरत्या क्षेत्रातच मोटरचे बळ आहे आणि दुखणेही. तीनपैकी एक फेज गेला, की क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होते. थांबलेली मोटर मग नुसती घुमते, उचलत नाही. चालू असलेली मोटर मात्र थांबत नाही, आणि हेच घातक. तेवढेच पाणी उपसण्यासाठी ती उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढते. वायंडिंग तापते, वार्निश करपते आणि ऐन उन्हाळ्यात मोटर रिवाइंडिंगला न्यावी लागते. उभा ऊस तोवर वाळतो.

यावर उपाय स्टार्टरमध्येच असतो. जास्त प्रवाहाने रिलेतील द्विधातूची पट्टी तापून वाकते, नो-व्होल्ट कॉइलचा मार्ग तुटतो आणि मोटर बंद पडते. पण रिले सारखा पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे किंवा तो बांधून टाकणे ही आपल्याकडची रीत! रिले का पडला, हे पाहायला हवे. मोटर बंद ठेवून, पण मुख्य स्विच चालू असताना, स्टार्टरकडे येणाऱ्या बाजूला व्होल्टमीटरने तिन्ही जोड्या तपासाव्यात. प्रत्येकीत चारशेच्या आसपास व्होल्ट हवेत. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये. चालू मोटर गेलेल्या फेजमध्येही दाब निर्माण करते, आणि मेलेली तारही टेस्टरला जिवंत दिसते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तिन्ही जोड्या ठीक असतील तर दोष पुढे, म्हणजे काँटॅक्टरच्या करपलेल्या टोकांत, ढिल्या जोडात किंवा गाळाने अडलेल्या पंपात शोधावा.

पुन्हा टेस्लाकडे वळू. वेस्टिंगहाउस कंपनीने दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर देण्याचा करार त्याच्याशी केला होता. कंपनी अडचणीत आली तेव्हा त्याने तो फाडून टाकला अशी कथा रंगवून सांगतात. ती जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन कंपनीने त्याची पेटंटे घेतली, एवढे नक्की. त्याच सुमारास नायगाराची वीज बफेलोला पोहोचली होती. तारेवाचून वीज पाठविण्याच्या मागे लागून त्याने पैसा घालविला. लाँग आयलंडवरचा त्याचा मनोरा १९१७ मध्ये पाडण्यात आला. अखेरची वर्षे त्याने हॉटेलच्या खोलीत, कबुतरांना दाणे घालीत काढली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो एकटाच मरण पावला. १९६० मध्ये चुंबकीय प्रवाहघनतेच्या एककाला त्याचे नाव देण्यात आले. त्याची रक्षा बेलग्रेडच्या टेस्ला संग्रहालयात आहे.