ताळेबंद संशयाने वाचायला शिकवणारे बेंजामिन ग्रॅहम

सन १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बत्तीस वर्षांचे एक विश्लेषक अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाचा वार्षिक अहवाल चाळत होते. तेलवाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांची काही आकडेवारी त्यात होती. या कंपन्यांनी आयोगाकडे दाखल केलेल्या विवरणपत्रांतून ती घेतली असल्याचा उल्लेखही तेथे होता. शेकडो वाचकांच्या नजरेखालून तो उल्लेख गेला असेल; या वाचकाने मात्र वॉशिंग्टनची गाडी पकडली आणि आयोगाच्या दप्तरखान्यात जाऊन ती विवरणपत्रे मागवली. त्यांचे नाव होते बेंजामिन ग्रॅहम.

त्या कागदांत त्यांना जे सापडले, ते कंपन्यांच्या भागधारकांनाही ठाऊक नव्हते. नॉर्दर्न पाइप लाइन ही १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे विभाजन झाल्यावर वेगळी झालेली एक लहान कंपनी होती. भागधारकांना मिळणाऱ्या तिच्या अहवालात उत्पन्नाची एखादी ओळ आणि त्रोटक ताळेबंद एवढेच असे. तिचा समभाग बाजारात सुमारे ६५ डॉलरला मिळत होता. आयोगाकडील विवरणपत्रांवरून मात्र असे दिसले, की कंपनीकडे रेल्वे आणि अन्य संस्थांचे लाखो डॉलरचे उत्तम रोखे पडून आहेत. प्रत्येक समभागामागे त्यांची किंमत ९० डॉलरच्या आसपास भरत होती. तेलवाहिनीच्या धंद्याचे मोल शून्य धरले, तरी ६५ डॉलरला समभाग घेणाऱ्याच्या पदरी त्याहून बरेच अधिक पडत होते.

कंपन्यांचे हिशेब संशयाने वाचावेत, हे आज गुंतवणुकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ते शास्त्राच्या रूपात प्रथम मांडणाऱ्यांत ग्रॅहम अग्रणी होते. त्यांचा संशय एकतर्फी नव्हता. व्यवस्थापन नफा फुगवून सांगते तसे कधी संपत्ती दडवूनही ठेवते, आणि दोन्ही वेळा नुकसान सामान्य भागधारकाचेच होते, ही जाणीव त्यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी होती. ती त्यांच्या घरातच आलेल्या अनुभवातून रुजली होती.

ग्रॅहम यांचा जन्म मे १८९४ मध्ये लंडनला एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव ग्रॉसबाउम. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बदलून ग्रॅहम करण्यात आले. बेंजामिन वर्षाचे असतानाच हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील चिनी मातीच्या वस्तूंचा आयात व्यापार करीत. १९०३ मध्ये वयाच्या पस्तिशीत ते वारले आणि व्यापार बसला. आईने घरात भाडेकरू ठेवून पाहिले, ते जमले नाही. मग तिने दलालाकडून उसने घेतलेल्या पैशांवर, बाजाराच्या भाषेत मार्जिनवर, युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीचे समभाग घेतले. १९०७ च्या आर्थिक घबराटीत भाव कोसळले आणि ही पुंजी बुडाली. तेव्हा बेंजामिन तेरा वर्षांचे होते.

ज्या कंपनीने हे घर पोळले तिचा ताळेबंदही मोठा बोलका होता. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी अनेक पोलाद उद्योग एकत्र करून ती उभारली, तेव्हा तिचे भांडवल १४० कोटी डॉलर दाखवण्यात आले होते. पुढे १९११ मध्ये सरकारी चौकशीत असे निष्पन्न झाले, की त्या वेळी कंपनीकडील प्रत्यक्ष मालमत्ता सुमारे ६८ कोटी डॉलरचीच होती. दुधात पाणी घालावे तसे भांडवलात पाणी घातले गेले होते आणि ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस कारखान्यांच्या नावाने ते निमूटपणे बसले होते.

शिष्यवृत्तीच्या बळावर ग्रॅहम कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१४ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी अव्वल विद्यार्थ्यांपैकी एक म्हणून पदवीधर झाले. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. घरची ओढगस्त पाहून त्यांनी वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत नोकरी धरली.

त्या काळी समभागांची खरेदी-विक्री बहुधा अफवा, आतल्या गोटातील खबरा आणि भावांची चाल यांवर चाले. आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला जाई तो कर्जरोख्यांचा. ग्रॅहम यांनी तीच शिस्त समभागांना लावली. १९१५ मध्ये गुगेनहाइम एक्स्प्लोरेशन ही कंपनी विसर्जित होणार असल्याचे जाहीर झाले. तिच्याकडे तांब्याच्या अनेक खाण कंपन्यांचे समभाग होते. ग्रॅहम यांनी त्यांची बेरीज केली, तेव्हा प्रत्येक समभागामागे सुमारे ७६ डॉलरची मालमत्ता निघाली. बाजारभाव ६९ डॉलरच्या आत होता. फरक उघड्यावर पडला होता. तो पाहण्यासाठी कोणी बेरीज करणे तेवढे बाकी होते.

नॉर्दर्न पाइप लाइनचे प्रकरण याहून अवघड निघाले, कारण तेथे आकडे कळून भागणार नव्हते. ग्रॅहम यांनी समभाग गोळा केले आणि न्यूयॉर्कमधील कार्यालयात जाऊन व्यवस्थापनाला भेटले. धंद्यास न लागणारे रोखे विकून पैसा भागधारकांना परत द्यावा, अशी त्यांची मागणी होती. वाहिनी बदलण्यासाठी हा पैसा लागेल, असे कारण त्यांना देण्यात आले. कंपनीचे धोरण पटत नसेल तर समभाग विकून मोकळे व्हावे, असेही सुचवण्यात आले.

जानेवारी १९२७ मधील वार्षिक सभा पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या आडगावी होती. ग्रॅहम कडाक्याच्या थंडीत एकटेच तेथे पोहोचले. सभेला व्यवस्थापनाची मोजकी माणसे होती. वार्षिक अहवाल मंजूर करण्याचा ठराव आला. ग्रॅहम यांनी अहवालाची प्रत मागितली, तेव्हा तो अजून तयारच नसल्याचे कळले. न वाचलेला अहवाल मंजूर झाला. ग्रॅहम यांच्या प्रस्तावाला अनुमोदक नव्हता, म्हणून तो मांडताही आला नाही.

पुढचे वर्ष त्यांनी भागधारकांना गाठण्यात घालवले. १९२८ च्या सभेला ते वकिलांसह आणि सुमारे ३८ टक्के मतांची अधिकारपत्रे घेऊन गेले आणि पाच संचालकांपैकी दोन आपले निवडून आणले. थोड्याच काळात कंपनीने रोखे विकून भागधारकांना पैसे देण्याचे मान्य केले. पुढे प्रत्येक समभागामागे ७० डॉलर वाटले गेले. ६५ डॉलरला समभाग घेणाऱ्याला त्याहून अधिक रोख मिळाली आणि समभाग हाती राहिला तो वेगळाच.

त्याच वर्षी ग्रॅहम कोलंबिया विद्यापीठात संध्याकाळचा वर्ग घेऊ लागले. व्याख्यानांची टिपणे कोणीतरी घ्यावीत, ही त्यांची अट होती आणि ते काम डेव्हिड डॉड या तरुण अध्यापकाकडे आले. दोघांचा 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाला मोठ्या आपत्तीची पार्श्वभूमी होती. सप्टेंबर १९२९ ते जुलै १९३२ या काळात डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे ८९ टक्के कोसळला होता. गुंतवणूकदारांपुढे पुरेशी माहिती ठेवण्याचे कायदे अमेरिकेत १९३३ आणि १९३४ मध्ये झाले. तोपर्यंत काय सांगायचे आणि काय झाकायचे, हे बव्हंशी व्यवस्थापनाच्या मर्जीवर असे.

नफ्याचा आकडा हे निसर्गात सापडणारे सत्य नसून तो अनेक निर्णयांतून घडवला जातो, ही या ग्रंथाची मूळ दृष्टी होती. यंत्रांचे आयुष्य दहा वर्षे धरले तर घसारा एक, वीस वर्षे धरले तर निम्मा. यंत्र तेच, पण नफा वेगळा. काही कंपन्या मोठा तोटा नफा-तोटा पत्रकात दाखवतच नसत. तो संचित नफ्यातून परस्पर वजा केला जाई आणि वर्षाचा नफा शाबूत दिसे. काही कंपन्या चांगल्या वर्षात अवाजवी राखीव निधी बाजूला काढत आणि वाईट वर्षात तो हळूच उत्पन्नात मिसळत. उपकंपन्यांचा तोटा मूळ कंपनीच्या हिशेबात न आणण्याची युक्तीही रूढ होती.

यावर ग्रॅहम यांचे उपाय साधे, पण चिकाटीचे होते. नफा-तोटा पत्रक एकटे वाचू नये, दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून त्यांच्यात झालेला बदल नफ्याशी जुळतो का ते पाहावे. एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये, सात-दहा वर्षांची सरासरी काढावी. भरलेल्या आयकरावरून उलट गणित मांडून भागधारकांना सांगितलेला नफा ताडून पाहावा. मालमत्तेच्या प्रत्येक रकमेला सारखा मान देऊ नये. रोख रक्कम पूर्ण धरावी. ग्राहकांकडून येणे सुमारे ८० टक्के, मालाचा साठा दोन-तृतीयांश आणि इमारती व यंत्रे त्याहून कितीतरी कमी धरावीत. एवढे करूनही काढलेल्या मोलाहून बऱ्याच कमी भावाने खरेदी करावी. या फरकाला त्यांनी मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे सुरक्षेसाठी राखलेले अंतर, असे नाव दिले. १९३७ मध्ये त्यांनी सामान्य वाचकासाठी आर्थिक पत्रके कशी वाचावीत यावर एक छोटे पुस्तकही सहलेखनातून सिद्ध केले.

या अंतराची गरज त्यांना स्वतःच्या चुकीतून कळली होती. १९२९ मध्ये त्यांच्या हाती इतरांचे आणि स्वतःचे मिळून सुमारे २५ लाख डॉलर होते. त्यांनी कर्ज काढून गुंतवणूक वाढवली होती. १९३० या एका वर्षात निधी निम्म्याने घटला. १९३२ अखेर सुमारे ७० टक्के रक्कम नाहीशी झाली होती. त्यांचे ताळेबंदांचे वाचन चुकले नव्हते. चुकला होता तो स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास. ज्या उसन्या पैशाने आईची पुंजी बुडवली, त्यानेच मुलालाही गाठले. भागीदारांचा तोटा भरून निघेपर्यंत, म्हणजे १९३५ पर्यंत, त्यांना या कामाचा मोबदला मिळाला नाही.

१९३६ मध्ये ग्रॅहम यांनी एक उपहासात्मक लेख लिहिला आणि त्यासाठी नेमकी युनायटेड स्टेट्स स्टील ही कंपनी निवडली. हिशेबाच्या आधुनिकीकरणाची एक काल्पनिक योजना त्यात होती. १३० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे कारखाने ताळेबंदात उणे १०० कोटी दाखवायचे. मालमत्ताच उणे असल्याने घसारा हा खर्च न राहता उत्पन्न होतो. कामगारांना आणि अधिकाऱ्यांना वेतनाऐवजी समभाग खरेदीचे हक्क द्यायचे, म्हणजे वेतनखर्च उरत नाही. मालाचा साठा एक डॉलरचा मानायचा. एक टन पोलादही अधिक न बनवता तोट्यातील कंपनी प्रचंड नफ्यात येते. १९५४ मध्ये त्यांनी हे हस्तलिखित वॉरेन बफे या आपल्या माजी विद्यार्थ्याला दिले. बफे यांनी ते १९९० च्या आपल्या वार्षिक अहवालात छापले. कर्मचाऱ्यांना दिलेले समभाग-हक्क खर्च म्हणून दाखवण्याची सक्ती अमेरिकेतील लेखा मानकांनी २००४ मध्ये केली; तोवर या थट्टेतील एक भाग अनेक कंपन्यांच्या हिशेबांत खरोखरच उतरला होता.

ग्रॅहम यांच्या पद्धतीलाही मर्यादा होत्या. १९४८ मध्ये त्यांच्या संस्थेने गायको या वाहन विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरला घेतला. ती रक्कम संस्थेच्या निधीच्या जवळपास चौथा हिस्सा होती. पैसा विखरून ठेवावा, हा त्यांचाच नियम येथे मोडला गेला. पुढे याच एका गुंतवणुकीने इतर सर्व व्यवहारांच्या एकत्रित नफ्याला मागे टाकले. ताळेबंदातील रोख मोजणाऱ्या पद्धतीला वाढत्या धंद्याचे मोल नेहमी पकडता येत नाही, हे त्यातून दिसले.

बनावट कागदांपुढेही टेबलाशी बसलेला वाचक हतबल ठरू शकतो. भारतात जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. ताळेबंदातील सर्वांत भरवशाची मानली जाणारी रकमच तेथे खोटी होती. अशा वेळी वाचकाच्या हाती राहतात ते दोन प्रश्न : एवढी रोख असेल तर ती भागधारकांना का दिली जात नाही, आणि आपला अंदाज साफ चुकला तर किती गमवावे लागेल? पहिला प्रश्न घेऊन ग्रॅहम ऑइल सिटीला गेले होते. दुसरा त्यांना १९३० ने शिकवला.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' हे पुस्तक भारतासह जगभर आजही वाचले जाते. १९५६ मध्ये संस्था बंद करून ग्रॅहम कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आणि तेथे शिकवू लागले. विश्लेषकांसाठी परीक्षा व प्रमाणपत्र असावे, हा आग्रह त्यांनी चाळीसच्या दशकापासून धरला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या सीएफए परीक्षेला आज भारतातूनही मोठ्या संख्येने उमेदवार बसतात. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधील एक्स-अँ-प्रोव्हाँस येथे वयाच्या ८२ व्या वर्षी ग्रॅहम यांचे निधन झाले. १९२६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी मागवलेली विवरणपत्रे गुप्त नव्हती. ती कोणालाही पाहता आली असती.