अंतोन माकारेंको : मुलांच्या फायली मिटवून ठेवणारे शिक्षक



मूल शाळेत दाखल व्हायला आलं की आपण आधी काय बघतो? जन्मतारीख, आधीच्या शाळेचा दाखला. आणि त्यातला वर्तणुकीचा रकाना! तो काही आपल्या नजरेतून सुटत नाही. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्या अंतोन माकारेंकोंच्या पटावर चोरी-दरोड्यात पकडलेली मुलं होती. तरी हा रकाना त्यांनी बघणं सोडून दिलं.

त्यांचा जन्म १८८८ सालचा, युक्रेनमधल्या बिलोपिल्या गावचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात रंगारी. १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ते प्राथमिक शिक्षक झाले, म्हणजे आपल्याच बिरादरीतले.

महायुद्ध आणि पाठोपाठ यादवी युद्ध, यामुळे तिथे असंख्य मुलं रस्त्यावर आली होती. १९२० मध्ये पोल्टावा शहराजवळ अशा मुलांची वसाहत चालवायचं काम माकारेंकोंकडे आलं. डिसेंबरात पट होता फक्त सहा! चौघं अठरा वर्षांचे, सशस्त्र दरोड्यातले; दोघं लहान, चोरीतले. ही मुलं सरपणाची लाकडंसुद्धा फोडेनात. चिडून माकारेंकोंनी एकाला मारलं. हे त्यांनी स्वतःच आपल्या कादंबरीवजा पुस्तकात लिहून ठेवलंय. मला ते पटत नाही, आज आपला कायदाही ते चालवून घेत नाही.

पण पुढचं बघा. पट वाढत गेला तसं त्यांनी गुन्ह्यांच्या फायली वाचणंच बंद केलं. कारण साधं आहे. शिक्षक ज्याच्याकडे चोर म्हणून बघतो, ते मूल चोरासारखंच वागायला लागतं. सुरुवातीला त्यांनी वयानुसार गट केले होते. मग लक्षात आलं, सारख्या वयाची पोरं आपल्यातच रमतात. म्हणून लहान-मोठ्यांच्या मिश्र तुकड्या केल्या, घरातल्या भावंडांसारख्या. (आपल्या बहुवर्गीय शाळेत हे आपण नाइलाजानं करतो, नाही का?)

सेम्योन कालाबालिन या मुलाला तर त्यांनी पोल्टावाच्या तुरुंगातून आणलं होतं. पुस्तकात त्याचं नाव बदललंय. त्यात एक प्रसंग आहे: माकारेंको त्यालाच घोडा देऊन शहरातून वसाहतीची रक्कम आणायला पाठवतात. रक्कम पुरेपूर येते. मग दुसऱ्यांदा आणखी मोठी रक्कम आणायला तोच!

१९२६ मध्ये खार्किवजवळच्या कुर्याजची बिघडलेली वसाहत त्यांच्याकडे आली. तिथे सुमारे २८० मुलं होती. आपल्या जुन्या, तयार झालेल्या मुलांना सोबत नेऊन त्यांनी ती सावरली. शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांना मात्र त्यांची शिस्त लष्करी वाटायची. १९२८ मध्ये त्यांना ती वसाहत सोडावी लागली. त्यानंतरची वर्षं त्यांनी खार्किवच्याच दुसऱ्या संस्थेत काढली. ती पोलीस खात्याची होती. तिथल्या मुलांनी कारखान्यात चक्क कॅमेरे बनवले.

१ एप्रिल १९३९ रोजी मॉस्कोजवळ रेल्वेच्या डब्यातच माकारेंकोंचं निधन झालं. तुरुंगातून आणलेला तो कालाबालिन स्वतः शिक्षक झाला आणि पुढे कित्येक वर्षं अशाच मुलांची बालगृहं चालवत राहिला.