समाधानाची भाकरी

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकोबारायांची बीज. देहूच्या या सत्पुरुषाचे घराणे महाजनकीचे. घरी दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या भीषण दुष्काळाने सारे हिरावून नेले. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतूही गेला, व्यापार बुडाला.

अशा वेळी कोणीही थकलेली येणी वसूल केली असती. तुकोबांनी मात्र कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या, असे परंपरा सांगते. एक वाटणी धाकट्या कान्होबांना चरितार्थासाठी दिली. आपली इंद्रायणीच्या डोहात सोडली. भावाच्या संसारावर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

त्या वैराग्याचा भार जिजाबाईंनी वाहिला. अपुऱ्या धान्यात मुले सांभाळून त्या भंडारा डोंगरावर पतीसाठी भाकरी नेत. त्या रागावत, पण भाकरी चुकली नाही.

मोजक्या मिळकतीत संसार करणारे आम्ही समाधानाचा धडा तुकोबांपासून घेतो. आज नैवेद्य दाखविताना जिजाबाईंचेही स्मरण करू या. काटकसर साऱ्या घराने वाटून घेतली, तरच तिचे समाधान होते. एकटीच्या माथी आली, तर ते केवळ ओझे होय.